चौघींची वाइन

तुम्ही दोघांनी मागच्या फोनवर विचारलंत, की आजी, यंदाची वाइन कशी झाली. चांगली झाली. पण ती कशी झाली हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

इथे सदर बाजारात राहणाऱ्या आम्ही चौघी घरापुरती वाइन करत आलो. माझी जांभळाची. शेजारच्या वहिनींची संत्र्याची, त्या मूळच्या नागपूरकडच्या. तिसऱ्या बाई कुंडम गावी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, त्या तिकडून मोहफुलं आणून नुसती आंबवतात, भट्टीवर चढवत नाहीत. चौथी, जिला सगळे मिस म्हणायचे, जन्मभर तारघरात नोकरी केलेली, तिची द्राक्षांची. मुळात आम्हाला शिकवलं तिनेच. नाताळच्या आधी आमच्या गच्चीवर चारही बरण्या एकत्र करून एकच वाइन व्हायची. तिला आम्ही ‘चौघींची’ म्हणतो.

कोणाची किती घालायची यावरून मनं दुखावू नयेत म्हणून एक रीत होती. आधी प्रत्येक बरणीतली चमचाभर चाखायची. मग ज्या त्या बाईने कोऱ्या चिठ्ठीवर दहा वाट्यांचे चार हिस्से लिहायचे. सही करायची नाही. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या, त्या मी उघडायच्या आणि सरासरी काढायची.

दिवाळीनंतर मिस गेली. दवाखान्यात मी तिला म्हटलं होतं, ‘यंदाही तुझी द्राक्षं जातील, मी बघते.’ ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मान भिंतीकडे वळवली. तिचं घर रिकामं झालं तेव्हा मेणाने तोंड बंद केलेली तिची बरणी मी स्वतः उचलून आणली.

डिसेंबरातली स्वच्छ दुपार होती. बरण्या उन्हात ओळीने ठेवल्या. तीन चाखून झाल्या. मिसच्या बरणीशी येऊन आमचे हात थांबले.

‘मेण काहून काढता आता?’ वहिनी म्हणाल्या. ‘तिची कधी बिघडली का? ओतायच्या वेळी काढू.’

‘हां दीदी, रहने दो,’ कुंडमच्या बाई म्हणाल्या. ‘तिचा हिस्सा डोळे मिटून द्यायचा.’

मलाही तेच हवं होतं. रीत मीच सांभाळत आले, आणि त्या दिवशी मीच ती मोडू दिली.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पट्टी धरून मी चिठ्ठ्या कापल्या होत्या. तिघींनी तीन कोपऱ्यांत बसून लिहिलं. मी डबा हलवला आणि उघडला.

आत चार चिठ्ठ्या होत्या.

पहिल्या तिन्हींत द्राक्षाला तीन, चार, तीन असे हिस्से होते. चौथीत जांभूळ चार, संत्रं तीन, मोह तीन. द्राक्ष शून्य. शून्याच्या पोटात तिरकी रेघ होती. तारघरात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होऊ नये म्हणून मिसला तशी सवय लागली होती. किराण्याच्या यादीतसुद्धा ती तसंच शून्य काढायची.

‘ही चेष्टा कोण करून राहिलं?’ वहिनी म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण शालीचं टोक त्यांनी मुठीत आवळलं होतं.

कुंडमच्या बाईंनी चिठ्ठीला हात लावला नाही. ‘मेरी नहीं है, दीदी. माझी ती, चार वाली.’

‘बाकीच्या तिन्ही चिठ्ठ्यांत तुमच्या मोहाला सर्वांत कमी आहे,’ वहिनी म्हणाल्या. ‘ही तेवढी उदार निघाली.’

कोणी हसलं नाही. गच्चीवर वारा नव्हता. खाली रस्त्यावर एक ऑटो बराच वेळ सुरू राहून बंद पडली.

‘द्राक्ष घालायचीच,’ मी म्हटलं. ‘मी शब्द दिलाय.’

वहिनींनी बरणी माझ्यापुढे सरकवली. ‘मग काढा मेण.’

मी सुरीने मेण सोडवलं. झाकण उचललं आणि मान मागे घेतली. नेलपॉलिशसारखा उग्र भपकारा आला. खाली रंग तोच, लालसर काळा, पण वर पांढरी साय धरली होती. वर्षभराची आमची वाइन या बरणीने एका ओतण्यात घालवली असती.

‘तिला माहीत होतं,’ कुंडमच्या बाई हळूच म्हणाल्या.

मी झाकण परत लावलं. शब्द दिला होता, तो मोडला. हिशेब शून्याच्या चिठ्ठीप्रमाणेच केला, चार, तीन, तीन. रात्र व्हायच्या आत बाटल्या भरून झाल्या. लेबलं लिहिताना वहिनींनी विचारलं, ‘आता चौघींची काहून लिहिता? बरण्या तीनच होत्या ना.’

‘चिठ्ठ्या चार होत्या,’ मी म्हटलं, आणि लिहीत राहिले.

तुमची आई म्हणेल, सवयीने तूच चार कापल्या असशील. शक्य आहे. कॅलेंडरचं उरलेलं पान मी खणात पाहिलं, चार चिठ्ठ्यांचीच जागा रिकामी होती. मग दोघींपैकी एकीने, वास आधीच लागलेला असताना, गेलेल्या बाईची वाइन बिघडली हे तोंडाने बोलवेना म्हणून लिहिलं असेल. तेही शक्य आहे. पण बरणी माझ्याच कोठीत होती, आणि मेण अखंड होतं.

तुमच्या वाटणीची बाटली कपाटात खालच्या फळीवर आडवी ठेवली आहे. चिठ्ठी माझ्या वहीत आहे. मिसचं नाताळचं एक जुनं कार्ड माझ्याकडे होतं, त्यावर तिचा फोन नंबर होता, त्यात दोन शून्यं. एका सकाळी खिडकीशी बसून मी कार्ड आणि चिठ्ठी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली. तिन्ही शून्यांतली रेघ एकाच वळणाची होती.

नंतर भिंग पुसून जागेवर ठेवलं. पुन्हा काढलेलं नाही.