भरतीचा माल

प्लोएश्ती शहरातल्या त्या वस्तीत दोन हजार तीन साली सोरिन बुत्नारूचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. नोकरी ट्रामच्या तारा दुरुस्त करायची, पण जीव अडकलेला घरच्या सर्व्हरमध्ये. तो ठेवला होता आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. गच्च्यांवरून ओढलेल्या केबलींनी सगळ्या इमारतींचे कॉम्प्युटर त्याला जोडलेले. गाणी, सिनेमे घराघरांत. कुणाकडे काय आहे, एवढंच सर्व्हर सांगायचा. नियम एकच: आपलाही भरपूर साठा इतरांसाठी उघडा ठेवायचा. फुकट्यांना दार बंद.

टॅक्सीवाला पॉम्पिलियू मोठा बेरकी. स्वतःकडे धड एक सिनेमा नाही, म्हणून साठा फुगवायला शेजाऱ्यांचं दिसेल ते उतरवून घ्यायचा. सोरिनला हे कळलं आणि त्यानं त्याला चारचौघांत हाकललं.

"काका, कचऱ्याच्या जोरावर आत शिरता? जा, आधी घर झाडा!"

आठवडा झाला नाही तोच तळमजल्यावरची व्हेतुरिया रडत आली. अख्खी वस्ती तिला तांती, म्हणजे मावशी, म्हणायची. तिची डिस्क जळाली होती. गेल्या हिवाळ्यात वारलेल्या नवऱ्यानं म्हटलेलं नाताळचं गाणं फक्त तिथंच होतं.

"तुझ्या पेटीत असेल ना रे?"

"तांती, माझ्याकडे नुसती नावं. माल ज्याच्या त्याच्या घरी."

बोलता बोलता त्याला आठवलं. इतरांसाठी एक कप्पा उघडायचा, तर या बाईनं अख्खी डिस्क उघडी टाकली होती. "तांती, चड्ड्यासुद्धा रस्त्यावर वाळत घातल्यात!" असं म्हणून तोच हसला होता. पण म्हाताऱ्याचं बेसूर गाणं उचलणार कोण?

एकच माणूस. सोरिन जिने चढत सुटला.

"काका, तो कचरा... टाकलात?"

"तूच म्हणालास ना, झाडा म्हणून?" पॉम्पिलियूनं त्याला मुद्दाम दारातच उभं केलं. स्वतःच्या जिभेचा सोरिनला इतका राग कधीच आला नव्हता.

"झाडणार होतो रे. पण कंटाळा आला."

सोरिननं त्याला मिठीच मारली. मागून धापा टाकत आलेल्या तांतीनं गाणं ऐकलं, डोळे पुसले आणि ती खुदकन हसली.

"मेला, शेवटपर्यंत सूर काही सापडला नाही त्याला!"

पॉम्पिलियूला त्याच दिवशी सन्मानानं परत घेतलं. संध्याकाळी सोरिननं फर्मान काढलं: प्रत्येकानं ते गाणं उतरवून घ्यायचं. आता कुणाचीही डिस्क जळो, म्हातारा घराघरांत गात होता.