आबांनी सांगितलेलं नाव

हे मी आजवर कोणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी वाढायच्या आधी सांगून टाकते. हे मात्र सात वर्षं पोटात ठेवलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तेवढं सोपं नाहीये.

सासूबाईंपासून सुरुवात करते. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. सुनेला सासू घरात नको असते म्हणतात ना? माझं उलटंच होतं. मला माझी सासू कुठे जायलाच नको होती. भोरमधल्या माझ्या मैत्रिणी हे ऐकून हसतील. हसू देत.

तेव्हा माझा धाकटा पाच महिन्यांचा होता आणि बाळंतपणाची रजा संपत आली होती. मी इथल्या एका कार्यालयात कारकून आहे. कागदात हुशार म्हणून गल्लीतली निम्मी माणसं रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळं माझ्याकडेच घेऊन येतात. बाळाला न्हाऊ घालणं, थोरलीला शाळेत सोडणं, माझ्या पोटात वेळेवर दोन घास जातायत का ते बघणं — सगळं आत्याच करत. आणि त्याच सुमाराला कॅनडाहून ताईंचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना दिवस राहिले होते. आईला सहा महिन्यांसाठी पाठवा, म्हणाल्या.

व्हिसाचा अर्ज मीच भरला. बोटांचे ठसे द्यायला आम्ही दोघी पुण्याला गेलो, तर यंत्र आत्यांचे ठसे घेईना. पासलीला, माहेरी, लहानपणापासून भातलावणी केलेली बोटं ती, झिजून गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलीने चारदा पुसून घेतली तेव्हा कुठे ठसे उमटले. परत येताना एसटीत आत्या सारख्या आपल्या बोटांकडे बघत होत्या आणि हसत होत्या. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

मग एक ईमेल आला.

आत्यांचं माहेरचं नाव हिरा. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं — मंगल. पासपोर्टावरही तेच. पण त्यांचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आणि ताईंच्या जन्माची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले आत्यांचे वडील, आबा. बाळाच्या आईचं नाव काय, असं विचारल्यावर त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं, हिरा. तांदळातलं नाव त्यांच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं. आता व्हिसावाले विचारत होते — मुलीच्या दाखल्यावर आई हिरा, अर्ज करणारी मंगल, तर या दोघी एकच असल्याचा पुरावा द्या. मुदत दहा दिवसांची.

यात अवघड ते काय? असे कागद मी कितीजणांना करून दिलेत. दोन दिवसांत तहसील कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणलं. आत्यांचा फोटो, सही, शिक्का, सगळं झालं. फक्त स्कॅन करून पाठवायचं होतं, तेही माझ्याच मोबाईलवरून.

मी ते पाठवलं नाही.

विसरले असं म्हणू नका — विसरले नव्हते. कागद रोज माझ्या पिशवीत असायचा. स्कॅनिंगच्या दुकानावरून मी दिवसातून दोनदा जायचे. उद्या पाठवू, म्हणायचे. कशामुळे? बाळ फक्त आत्यांच्याच खांद्यावर गप्प राहायचं, म्हणून? घर कसं चालेल, या धास्तीने? की... माझी आई मी कॉलेजात असताना गेली. आत्या मला आईच्या जागी मिळाल्या होत्या. आणि त्या आधी ताईंच्या आई आहेत, हे मला सोसत नव्हतं. हेवा वाटत होता मला. एका पोटुशी बाईचा हेवा.

दहाव्या दिवशी तो कागद मी कपाटात, शालूच्या घडीत ठेवला. नकार आला. ताईंनी फोनवर विचारलं, "कागद पाठवला होतास ना गं?" मी म्हटलं, "पाठवला होता, ताई." पुन्हा अर्ज करायला दिवस उरले नव्हते. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कोणाला शंकाही आली नाही. तिकडे जावयांनी मोबाईलवर आत्यांना विचारून विचारून बाळंतिणीसाठी पेज केली.

आत्यांनी लेकीसाठी डबाभर डिंकाचे लाडू करून ठेवले होते. तो डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "खा. पोर अजून अंगावर पितंय तुझं. तू बी बाळंतीणच हाईस की." रोज सकाळी एक लाडू, समोर बसून खायला लावायच्या. मी सगळे खाल्ले. फार छान झाले होते.

नकाराचं कारण मी त्यांना वाचून दाखवलं होतं. अर्जदार ही मुलीची आई असल्याचं सिद्ध होत नाही — असं. ते गाळता आलं नसतं का मला? अजूनही भाकरी थापताना मधेच त्यांचा हात थांबतो. "नऊ म्हैने प्वाटात वागवली म्या. आन आई न्हाई म्हंत्यात?" आवाजात राग नसतो, म्हणून जास्त लागतं. ताईंनी नंतर दोनदा बोलावलं. आत्यांनी अर्जच करू दिला नाही. एकदा न्हाई म्हनले त्यांच्या दारात परत कशाला जायाचं, म्हणाल्या.

यंदा पितृपंधरवड्यात आबांच्या म्हाळाला आम्ही पासलीला गेलो. अंगणात पान ठेवलं, पण कावळा काही शिवेना. बराच वेळ गेला. मग आत्या पुढे झाल्या, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "आबा, नाव चुकवलं तुमी, पर म्या कवाच इसरले. राग न्हाई माझा. घ्या घास."

कावळा आला.

मी शेजारीच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. आबांनी काहीच चुकवलं नव्हतं. माझ्या गुन्ह्याची माफी त्या दिवशी त्यांना मिळाली, आणि मी तोंड उघडलं नाही. मग पंगत बसली. आत्यांनी सगळ्यांच्या आधी माझ्या पानात वाढलं, आणि मी जेवले.