सरदाराच्या वंशातला घरजावई

माझा साहेब फ्रेंच आहे आणि मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. इथं आखातात, तुबलीच्या ऑफिसात त्याच्या खुर्चीमागे दोन सिंहांची पितळी ढाल टांगलेली आहे. येईल त्याला तो सांगतो, आमचं घराणं आठशे वर्षांचं, मूळपुरुष किल्लेदार सरदार. मी सिव्हिल इंजिनिअर, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला. पण व्हिसावर हुद्दा ड्राफ्ट्समन, नुसता नकाशे काढणारा. ते बदलायला साहेबाच्या सहीचं पत्र लागत होतं. चार महिने तो नुसतं ‘बघू’ म्हणत होता.

एके दिवशी त्यानं कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला. "माझी वंशावळ काढ, मोठ्या शीटवर. मग तुझं पत्र." वर हसून विचारलं, "तुला आजोबांच्या मागचं एक तरी नाव माहीत आहे का?"

मी अकरा नावं म्हणून दाखवली. आमच्या कोल्हापूरकडे सुगी झाली की हेळवी येतो, बैल घेऊन. घराण्यातल्या सगळ्या पिढ्या त्याच्या वहीत असतात. अंगणात उभा राहून वाचतो आणि पायलीभर ज्वारी घेऊन जातो.

"शेतकऱ्यांनासुद्धा वंशावळ असते?" साहेब म्हणाला.

मी ते गिळलं. पत्र पाहिजे होतं.

गठ्ठ्यात त्याच्या आत्याचं इंग्रजी टिपण निघालं. पाचव्या सरदाराला मुलगा नव्हता, एकच मुलगी. जावयानं सासऱ्याचं नाव आणि ढाल घेतली. साहेबानं दिलेल्या यादीत मात्र तो जावईच सरदाराचा मुलगा म्हणून लिहिला होता. हेळवी असलं करत नाही. आमच्याही सातव्या पिढीला घरजावई आहे. हेळवी दरसाल भर अंगणात वाचतो, "हितं पोरगा नव्हता, जावई आणला." कुणाची मान खाली जात नाही. मीही तसंच काढलं : मुलीचं नाव, शेजारी जावयाचं.

ऑफिसचा रत्नागिरीचा ड्रायव्हर शीट बघून म्हणाला, "मेल्या, त्याचा जावई तुझा कोण लागतो? सरळ रेघ मार, पत्र घे. खलास."

साहेबानं त्या मुलीच्या नावावर बोट ठेवलं. "ही बाई कोण?"

"हिच्यामुळे तुमचं आडनाव राहिलं."

"हिला काढ. बापाखाली मुलगा दाखव."

"मुलगा नव्हता. तुमच्या आत्यानंच लिहिलंय."

"इथं ड्रॉइंग मंजूर कोण करतं?"

"तुम्ही. पण शीटच्या खाली ‘ड्रॉइंग काढणारा’ या चौकटीत नाव माझं आहे. खोटं काढायचं तर तुम्ही काढा."

त्यानं दुसऱ्याकडून काढून घेतलं, दहा मिनिटांचं काम. शीट आता त्याच्या माहूजच्या फ्लॅटमध्ये फ्रेम करून लावलीय म्हणे. पत्र आलं नाही.

रजेवर गावी गेलो तेव्हा हेळवी आला होता. वाचत वाचत माझ्या नावापाशी थांबला. "धाकलं मालक, तिकडं हुद्दा काय?"

आई आतून म्हणाली, "इंजिनेर लिवा की."

"ड्राफ्ट्समन लिहा," मी म्हणालो. "आणि सही कुणी दिली नाही, तेही लिहा."