सत्तारभाई गाडीतून का उतरले

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. बायकोला नाही, भावाला नाही. नरसीला नामदेव महाराजांपुढे हात जोडून उभा राहायचो, तेव्हा मनातल्या मनातही नाही — देवापुढेसुद्धा मी तिला वळसा घालून जायचो. गेल्या आठवड्यात ती तोंडातून बाहेर पडली. तेव्हापासून इतकं हलकं वाटतंय, की त्या हलकेपणाचीच थोडी लाज वाटते. म्हणून तुम्हालाही सांगतो. नीट. सगळी.

मी अंगरक्षक आहे. आमच्याकडे सगळे बॉडीगार्डच म्हणतात. मालक हिंगोलीतले मोठे माणूस — कापसाचं जिनिंग, दालमिल, बरीच जमीन. एका जमिनीच्या वादात त्यांना फोनवर धमक्या यायला लागल्या आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. मलाच का? तर मी कुस्ती खेळायचो, दारात उभा राहिलो की दार भरायचं. अंग बघून घेतलेला माणूस मी. आत काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं — मीही नाही.

कामावर येण्याआधी मला एका निवृत्त फौजी उस्तादांकडे शिकायला पाठवलं. हाणामारी थोडी, रीतभात जास्त. "बॉडीगार्ड दिखना चाहिए, सुनाई नहीं देना चाहिए," हे त्यांचं रोजचं वाक्य. मालकाच्या डाव्या अंगाला, जरा मागे राहायचं. त्यांची पिशवी धरायची नाही, हात मोकळे हवेत. त्यांच्या पंगतीला बसायचं नाही, फोटोत यायचं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचं. गाडीत ऐकलेलं गाडीतच ठेवायचं. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ड्रायव्हरला एकच नियम, पण सगळ्यात कडक — मालक बाहेर असले की गाडी चालू ठेवायची आणि काहीही झालं तरी सीट सोडायची नाही.

आमचे ड्रायव्हर सत्तारभाई. माझ्याहून वयानं मोठे, मिलच्या आवारातल्याच एका खोलीत कुटुंबासह राहायचे. मालक जवळ नसले की माझी टिंगल चालायची. "पैलवान, मालकाच्या मागं इतका चिटकून नको चालत जाऊ, लोकायला वाटंल जावई निघाला रुसून." ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडे यायचा. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून माझी बायको त्यात करंज्या भरून द्यायची.

आता त्या दिवसाकडे येतो. आलोच पाहिजे ना?

जवळा बाजारला आठवडी बाजार होता. मालकांच्या नव्या कापूस खरेदीचा मुहूर्त. गाडी थांबली, मी मागचं दार उघडलं, मालक उतरून चार पावलं पुढे गेले, मी डाव्या अंगाला. दार उघडंच होतं. आणि धडाम् — असा आवाज, की छातीत बसला. नंतर कळलं, शेजारच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरताना ट्रकचा टायर फुटला होता. पण त्या क्षणी मला एकच कळलं. गोळी.

तुम्ही मालकांच्या बैठकीत कधी बसला असाल, तर पुढचं तुम्ही ऐकलं असेल. पैलवानानं क्षणाचाही विचार केला नाही, मालकांच्या अंगावर झेप घेतली, त्यांना खाली पाडून स्वतः ढाल झाला. मालक ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे आणि मी मागे उभा असायचो. मान खाली घालून. लोकांना ती नम्रता वाटायची.

मी झेप घेतली नव्हती. मी पळत होतो.

उघड्या दाराकडे पळत होतो — गाडीत शिरायला. मालकही घाबरून गाडीकडेच वळले आणि मध्ये आले. मी त्यांच्यावर आदळलो, आम्ही दोघंही पडलो. ते खाली, मी वर. एवढंच माझं शौर्य. ते मध्ये आले नसते तर मी गाडीत असतो आणि ते रस्त्यावर.

आणि सत्तारभाई? त्यांनी सीटवरून माझं तोंड बघितलं. हा माणूस जागा सोडून पळतोय, मालक उघडे पडलेत, हे त्यांना दिसलं. ते उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि आमच्याकडे पाठ करून, हात पसरून, आवाजाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. हातात काठीसुद्धा नव्हती. धुरळा बसला तेव्हा मालकांनी मान वर केली. अंगावर मी. ड्रायव्हरची सीट रिकामी. आणि सत्तारभाई हात खाली सोडून पंक्चरच्या दुकानाकडे बघत उभे — जणू गंमत बघायला उतरलेले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. मला विचारलं, "सत्तार कुठं होता तवा?"

मी म्हणालो, "खाली उतरला होता, मालक."

बघा — यात एक शब्दही खोटा नाही. खोटं बोललो असतो तर कदाचित इतकं सहज पचलं नसतं. खरं बोलून मी त्या माणसाची नोकरी घेतली. सत्तारभाई माझ्याकडे बघत राहिले. वाट बघत होते, मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. शिकवलंच होतं ना तसं? त्या हातांनी गाडीची चावी टेबलावर ठेवली, आवाज न करता.

त्यांची खोली गेली. ते सेनगावकडे जीप चालवायला लागले. पुढच्या ईदला डबा आला नाही. बायकोनं विचारलं, "भाभीनं डबा काहून न्हाई धाडला?" मी म्हणालो, "रुसले असतील. मन लहान हाय त्यांचं." हे का बोललो? गरज नव्हती. हे त्या ऑफिसातल्या वाक्यापेक्षाही जास्त टोचतं.

माझी थोरली तेव्हा शाळेत जायला लागली होती. आता तिचं लग्न ठरलंय. इतकी वर्षं मी एका नियमाच्या आड बसलो — विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कुणी विचारलंच नाही.

गेल्या आठवड्यात मालकांनी विचारलं. सेनगावहून परत येत होतो. मालक आता थकलेत, गुडघे धरून बसतात. जीपच्या थांब्यावर गाडी अडली. समोर सत्तारभाई जीपच्या फळीवर उभे राहून 'हिंगोली, हिंगोली' ओरडत होते. दाढी पांढरी झालेली.

मालक म्हणाले, "सत्तारच ना रे हा? माणूस बराबर होता. त्या दिवशी काहून उतरला असंल? मला आजपावतर उलगडलं न्हाई."

मी पुढच्या सीटवर होतो. मागे वळायची हिंमत झाली नाही. काचेकडे बघतच बोललो, "तुमच्यासाठी उतरले, मालक. मी पळत होतो. तुमी मधी आले म्हणून पडलो. त्यायनं माझी जागा घेतली."

 मालक आताच्या ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बाजूला घे." मी दार उघडायला निघालो तर म्हणाले, "तू बस." आणि स्वतःच दार ढकलून, टेकत टेकत चालत गेले.

मी बसलो — थोडा वेळ. मग हुकूम मोडून उतरलो. मी पोचलो तेव्हा मालकांनी सत्तारभाईंचा हात हातात धरला होता. सत्तारभाईंनी मला बघितलं, नखशिखांत.

"या, पैलवान. आज कुनाच्या अंगावर पडायला आले?"

मालक हसले नाहीत. मी म्हणालो, "मी सांगून टाकलं, भाई." ते म्हणाले, "आता व्हय?" एवढंच. मागून जीपमधली एक बाई ओरडली, "ओ भाऊ, लेकरू रडून राहिलं, निघा की आता!" सत्तारभाईंनी मालकांचा हात अलगद सोडवून घेतला, म्हणाले, "शिटा भरल्या, मालक," आणि जीप सुरू करून निघून गेले. माफ केलं म्हणाले नाहीत. मी माफी मागितलीही नव्हती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मी त्या माउलीला उगंच इतके दिवस नावं ठेवली." आणि आत निघून गेली. मालकांनी मला कामावरून काढलेलं नाही. बैठकीत ती गोष्ट मात्र आता सांगत नाहीत. ठेवतील की काढतील, माहीत नाही, आणि नवल म्हणजे त्याची धास्तीही वाटत नाही. मान खाली घालून उभं राहायचं काम संपलं.

त्या दिवशी जवळा बाजारला मालकांपुढे एक माणूस हात पसरून उभा होता. तो मी नव्हतो.