घासून आणलेले पाय

आमच्या चर्चमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे धुतले तसे. पण निवडलेला प्रत्येक जण घरूनच पाय लख्ख करून येतो. वडील दरवर्षी त्या बारांत असत; आई त्यांच्या भेगाळलेल्या टाचा वजरीने घासायची. "फादरांसमोर माझी लाज काढू नका," म्हणायची.

नाताळानंतर आई गेली. यंदा वडील वाडीतल्या कामावरून तसेच आले. परातीतलं पाणी गढूळ झालं. मला वाटलं, त्या रात्रीही असंच झालं असणार; येशू मळलेल्याच पायांपाशी वाकला होता. आम्हीच इतकी वर्षं त्याच्यापुढे धुतलेले पाय करत आलो.

वडील पुटपुटले, "माफ करा, फादर. घासणारी गेली."

फादर त्यांची टाच हातात धरून अंगठ्याने भेगांतली माती काढू लागले.