अर्जुनाच्या खोडाला घातलेला पट्टा

आमच्या गास गावाहून विरारला राहायला निघालो त्या सकाळी टेम्पोत कपाट, खाट आणि पुस्तकांची खोकी चढली. दादानं दोर आवळला, वहिनी दारात उभी राहिली. आई मात्र दिसेना. ती खाडीकडच्या बांधावर गेली होती, अर्जुनाच्या झाडापाशी. परतली तेव्हा पदरात सालीचे तुकडे होते, आतून लालसर, अजून ओलसर. "दुधात उकळ. पानी आटलं पायजे," एवढंच म्हणाली. मला काही झालेलं नव्हतं. पुडी खिशात टाकून मी हसलो.

विरार किती लांब? तुमच्यापैकी जे गाव सोडून कॅनडाला, दुबईला गेले, त्यांना हे स्थलांतर वाटणारही नाही. एका स्टेशनाचं अंतर. पण अकराव्या मजल्यावर माझी बोली ऐकणारं कुणी नाही. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात. नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत, तिथं दिवसभर हळू बोलायचं, आणि घरी आल्यावर मोठ्यानं बोलावं असं काही उरत नाही.

ते झाड आईनं लग्न होऊन आल्यावर लावलेलं. गावात कुणाची छाती धडधडली की माणसं तिच्याकडे येत. डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे बजावून ती साल देई. तिची रीत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी झाडाला सांगून यायचं, उद्या येते, अमक्या घरातल्या अमक्यासाठी. सकाळी एकाच अंगाची, दोन बोटं रुंद पट्टी काढायची, जखमेवर शेणमाती लिंपायची. पुढच्या खेपेला दुसरं अंग.

"काकी, झाडाला आधार कार्डपन दाखवायचं काय?" शेजारचा पास्कू चिडवायचा.

"तुझा फोटो बघून पानं गळतील मेल्या," आई म्हणायची.

मग तिचीच छाती दुखू लागली. मी म्हटलं, विरारला चल, डॉक्टर जवळ आहेत. ती म्हणे, "तिथं साल कुठनं आनू?" तेवढा एकच अडसर आहे असं मला वाटलं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी कोयता घेऊन बांधावर गेलो. झाडाला काही सांगितलं नाही. तिला वर्षभर पुरेल एवढी साल एकदम काढली, खोडाभोवती सगळीकडून. गोणी भरली. आता तिला नाही म्हणता येणार नाही, याचा मला आनंदच झाला होता.

आई काठी टेकत आली. खोडाभोवती फिरून बघितलं. "पट्टा घातलास रे," म्हणाली. वरचं अन्न मुळांपर्यंत सालीतूनच उतरतं, साल गोल पट्ट्यात निघाली की झाड मरतं, हे मी शाळेत शिकलो होतो आणि पुस्तकांतही वाचलं होतं. तरी ते मला तेव्हा आठवलं नाही. तिनं वाकून शेणमाती लिंपायला घेतली. अर्ध्यावर तिला दम लागला.

ती विरारला आली नाही. माघात गेली. चैत्रात झाडाला पालवी फुटली नाही.

गावात सगळे म्हणू लागले, आईच्या मागं झाड गेलं. मर्तिकाला आलेली माणसं हे पुढच्या वर्षीही सांगत होती, डोळे पुसत. मी प्रत्येक वेळी मान हलवली. घरी जाणं हळूहळू कमी केलं. अंतर आहे, कामं असतात, असं सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात वहिनीपाशी बोललो. दारापुढच्या ओट्यावर ती वाल सोलत होती. म्हटलं, वहिनी, झाड आईच्या मागं गेलं नाही.

"ठावं हाय भावजी," ती म्हणाली. "तुमी साल काढली त्याच रात्री आईंनी सांगितलं. कोनाला बोलू नको म्हनाल्या, तो आदीच लांब ऱ्हातो."

"मग ते मागं गेल्याचं?"

"पयल्यांदा मीच बोलले. पास्कूनं विचारलं, साल कोनी काढली एवढी. काय सांगनार होते? बोलले, सालीचं काय न्हाय, आईंच्या मागं गेलं." तिनं वालांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "बसलाव तं सोला."

मी सोलत बसलो. तीन वर्षं या बाईनं ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं, आणि मी त्याच ओट्यापासून पळत होतो.

म्हणून हे लिहितो आहे, गासमध्ये राहिलेल्यांना आणि तिथून गेलेल्यांनाही. झाड मी मारलं. यापुढे वहिनीला विचारू नका, मला विचारा. दर रविवारी मी ओट्यावर असेन.