जाऊबाईंच्या पायांवरची आंघोळ

साखरखेर्ड्याहून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली..." मी चहाखालचा गॅस बंद केला आणि पहिला विचार आला तो तुमचा, माझ्या नातवंडांचा. तुम्ही माझ्यासाठी रडाल, त्याहून जास्त त्यांच्यासाठी रडाल.

इंदूबाई माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमची मोठी आई. माझ्या लेकींची, तुमच्या आयांची, बाळंतपणं माहेरी माझ्याकडेच झाली, पण मी देऊळगाव राजाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. न्हाऊ घालायला त्या येऊन राहायच्या. पाय पसरून बसायच्या, नडग्यांवर तुम्हाला पालथं घ्यायच्या. मी शाळेतून यायची तोवर तुम्ही झोपलेले, अंगाला त्यांचाच वास. मला तो आवडत नसे.

त्या वासात धूरही होता. बीटी कपाशी आली तेव्हा त्यांच्या दारात वाळलेल्या पऱ्हाटीचे, कापसाच्या काड्यांचे, ढीग असत. वेचणीच्या बायांचा स्वयंपाक चुलीवर, जळण तेच. पुढं बोंडअळीनं कापूस नेला, पऱ्हाटी तेवढी उरली आणि घरात गॅस यायचा तो लांबला. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईची फुप्फुसं गेली. धाप लागली की स्टेरॉइडची पांढरी गोळी, अशी कित्येक वर्षं. जालन्याच्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो पाहिला आणि म्हणाले, या गोळ्या, जुना दमा, घरात बसून राहणं, यानं हाडं विरळ झालीत. मणके दबलेत, म्हणून श्वासाला जागा आणखी कमी. जमिनीवर बसायचं नाही, वजन उचलायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात, मुग्धा, तू बाळाला घेऊन आलीस आणि जाऊबाईंना भेटायला इथं बोलावलंस. पणतवंडाची या घरातली पहिली आंघोळ मीच घालणार, हे मी आधीच ठरवलं होतं. माझी हाडं शाबूत होती. बाळ माझ्या नडग्यांवर आलं आणि किंचाळायला लागलं.

जाऊबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अवं विमल, पाय ताठ काऊन धरले? लेकराले फळीवर ठेवल्यासारखं केलं तुनं."

"तुम्ही बोलू नका बाई, धाप लागेल."

"मले खाली बसू दे. एक डाव. हे लेकरू पुन्हा कधी येते, अन् मी राह्यते का तवर?"

"डॉक्टर नको म्हणालेत."

खरंच म्हणाले होते. पण नाही म्हणताना मला बरंही वाटलं. तेवढ्यात तू म्हणालीस, "आजी, खुर्चीच जवळ घेऊ या ना!" पाटाऐवजी मी पलंगाच्या कडेला बसले, पाय स्टुलावर सोडले, बाळ माझ्या नडग्यांवर. जाऊबाई शेजारी खुर्चीत टेकून. त्यांचे तळवे बाळाच्या पाठीवर फिरले आणि ते गप्प झालं. तू फोटो काढलास, सगळ्यांना पाठवलास... "मोठ्या आईच्या हातांची जादू." फोटोत माझे फक्त गुडघे आहेत.

पुढं एका खोकल्यात त्यांची बरगडी मोडली. दुखायचं म्हणून कफ काढता येईना, मग न्यूमोनिया. मी साखरखेर्ड्याला जाऊन काही दिवस राहिले. दुपारी त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावायची. किती बारीक झाल्या होत्या त्या... अंगठ्याखाली हाड लागायचं, दाबायची भीती वाटायची.

त्यांची सून म्हणाली, "काकू, उठा तुम्ही, मी लावते."

जाऊबाई डोळे मिटूनच हसल्या. "नाही उठायची ते. तिले भेव वाटते, तू तिच्याहून चांगलं लावशीन."

आणि मी वाटी माझ्याकडे ओढून घेतली.